टाकीच्या डावीकडे

रविवार, ९ जून

प्रिय टिल्लू,

आशीर्वाद आहेतच, ते काही माझ्या रागाला विचारून येत नाहीत. मी बरी आहे. तूही बरा असशील असं धरून चालते, कारण तुझ्या मेलमध्ये तब्येतीचं काही नव्हतं. दोनच ओळी होत्या. बाबांचा लॅपटॉप आपण पाठवावा, त्यात त्यांचा शेवटचा गेम आहे. ते 'आपण' वाचून मी आधी मागे वळून पाहिलं, खोलीत आणखी कोणी आलंय की काय. जन्मभर 'ए ताई' म्हणणारा माणूस एकदम अहो-जाहोवर आला की दचकायला होतं.

तर आपण लॅपटॉप पाठवत आहोत. हे पत्र त्याच खोक्यात, चार्जरच्या खाली ठेवते. चार्जर तू पहिला बाहेर काढशील, म्हणजे पत्र सापडेल.

इकडचं म्हणशील तर न्हाणीघरातला नळ एकदाचा दुरुस्त झाला. मावशीचा गुडघा तिच्याइतकाच हट्टी आहे. लॅबमध्ये नवी भट्टी आली आहे, जुनीपेक्षा लवकर तापते. तू लोकांना सांगतोस तशी मी 'डेंटिस्टकडे' नसते. डेंटिस्ट साचे पाठवतात आणि मी कवळ्या नि कॅप बनवते. एकवीस वर्षं झाली. दुसऱ्यांचे दात बनवायचे आणि आपले आवळून ठेवायचे, हे एव्हाना चांगलं जमायला लागलंय.

ते आवळून ठेवलेले आज जरा सोडते आहे.

बाबा गेल्यावर तू आलास ते चार दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतात. तिसऱ्या दिवशी बाबांचा कोट शोधायला तू कपाट उघडलंस आणि खालच्या कप्प्यात तुला ते मोठं काळं खोकं दिसलं. तू पाठवलेला लॅपटॉप. बाहेर मावशी होती, काका होते, बाबांच्या कचेरीतले दोघं होते. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. तू म्हणालास, "एवढ्या हौसेने पाठवलं होतं, आणि हिने कपाटात कोंबलं. शेवटपर्यंत त्यांना त्या डबड्यावर बसवलं. एवढी एक गोष्ट ते मजेने करायचे, तीही धड करू दिली नाही."

काकांनी कप उचलला. मी काही बोलले नाही, त्याचं कारण पुढे येईल.

आधी त्या डबड्याबद्दल.

तू तिकडे गेलास आणि वर्षभरात तुमच्या दोघांचं फोनवरचं बोलणं संपलं. 'जेवलास का, जेवलो. हवा कशी आहे, बरी आहे.' मग बाबा फोन माझ्या हातात द्यायचे. तेव्हा तूच तोडगा काढलास की हा गेम घाला, दर रविवारी अकरा वाजता आपण दोघं एकमेकांविरुद्ध खेळू. कल्पना चांगली होती, हे मी तेव्हाही म्हटलं होतं. फक्त घरात मशीन होतं ते माझं. पाटीसारखं हलकं, डेंटिस्टांना फोटो पाठवायला घेतलेलं. पहिल्या रविवारी त्याने जो दम टाकला, तो मी विसरणार नाही. चित्र एकेक पाऊल टाकत यायचं. बाबांनी माऊस फिरवला की बंदूक सावकाश निघायची आणि ती वळेपर्यंत बाबा मेलेले असायचे. तेव्हा हे वाक्य आम्ही हसत म्हणायचो.

मग मी कामाला लागले. लॅबमधून आले की तास-दीड तास. इंटरनेटवर लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचायचं, एक गोष्ट बदलायची, पाच मिनिटं गेम चालवून बघायचा आणि वहीत लिहायचं. दाताची छटा जुळवताना आम्ही असंच करतो, एका वेळी एकच बदल, नाहीतर काय बिघडलं ते कळत नाही. माझ्या छटांच्या वहीची मागची अकरा पानं तुमच्या लढाईने भरली आहेत. रिझोल्यूशन खाली आणलं. शॅडो बंद. पाण्याची चमक बंद. धूर कमीत कमी. सेकंदाला तीसच फ्रेम, जास्त दिल्या की मशीन तव्यासारखं तापायचं. मागच्या बाजूला बाटलीची दोन झाकणं ठेवून ते उचललं, म्हणजे खालून हवा लागते. तरीही गेममधल्या तुमच्या त्या पाण्याच्या टाकीपाशी आलं की अडखळायचंच. टाकीभोवती सगळं गवत आहे ना. गेमच्या मेनूत गवत 'लो'च्या खाली जात नव्हतं. मग आतली फाइल शोधली, तिच्यात गवताचा आकडा शून्य केला. गेम दर वेळी सुरू होताना तो आकडा पुन्हा आपल्या मनासारखा करायचा, म्हणून फाइलच लॉक करून टाकली.

आणि ते डबडं पळायला लागलं. बाबांनी टेबलावर हात मारला. गवत पार गेलं होतं, नुसती तपकिरी जमीन. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस तो. चष्मा वर करून म्हणाले, "हं. आता कळतोय उतार."

त्याच रविवारी टाकीच्या डावीकडे एक माणूस आम्हाला दिसला. उघड्या मातीवर पालथा पडलेला. हातपाय पसरून, हालचाल नाही. डोक्यावर 'वाघोबा' असं तुझं नाव.

बाबा घाबरले. "हा असा का पडलाय गं? बरं नाही का त्याला?"

तेवढ्यात स्पीकरमधून तुझा आवाज आला, "शोधा बाबा, शोधा. आज काही मी सापडत नाही."

मी बाबांना सांगितलं की तिकडे त्याच्या मशीनवर कमरेएवढं गवत आहे, तो त्यात लपलाय. गवत ज्याच्या त्याच्या पडद्यावर असतं. आपलं मशीन ते दाखवत नाही, म्हणून आपल्याला तो उघडा दिसतोय. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला वाटलं आता मारतील. त्यांनी बंदूक दुसरीकडे वळवली, दोन घरं उगाच फिरून आले आणि विचारलं, "कुठे आहेस रे?" तू मागून गोळी घातलीस आणि खदखदून हसलास.

टिल्लू, चार वर्षं तू आम्हाला दिसत होतास. प्रत्येक रविवारी, पहिल्या मिनिटापासून. तू एवढ्या मोठ्या मशीनवर खेळतोस की खालच्या सेटिंगमध्ये जग कसं दिसतं हे बघायची तुझ्यावर वेळच आली नसणार. आणि तू सगळ्यांना सांगत होतास की बाबांची नजर गेली आता.

आज एवढं पुरे. हात दुखतो.


मंगळवार

लॅबमध्ये आहे. साचा सुकायला पाऊण तास आहे, तेवढ्यात लिहिते.

काल पत्र परत वाचलं. वाटलं, इथेच थांबावं, खाली सही करावी आणि खोकं बंद करावं. पण मग तू दिलेलं ते 'आपण' आठवलं.

बाबा पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तेव्हा तू काय सांगितलं होतंस? सुट्टी मिळत नाही, कामातून मान वर काढता येत नाही. मी इस्पितळात अकरा दिवस खुर्चीत झोपले. बाविसाव्या दिवशी बाबा घरी टेबलाशी बसले आणि मंगळवारी दुपारी सहज लॅपटॉप उघडला. तुझ्या नावापुढे हिरवा ठिपका. आज सहा तास खेळला, असं खाली लिहिलेलं. बुधवारी तेच. गुरुवारी तेच. तुझी नोकरी गेली होती हे आम्हाला त्या ठिपक्याने सांगितलं, आणि ती जाऊन तेव्हाच तीन महिने झाले होते हे मागून कळलं.

मी भडकले. म्हटलं, लावते फोन आत्ताच, विचारते त्याला, कसली मान वर निघत नाही ती. बाबांनी माझा हात धरला. "राहू दे. त्याला तिथे गवत दिसतंय ना. मग राहू दे."

मी म्हटलं, "आणि मला काय दिसतंय ते?"

ते म्हणाले, "तुला काय, तू खंबीर आहेस."

हे खंबीर प्रकरण माझ्या मागे लहानपणापासून आहे. जो लपतो त्याला सांभाळून घ्यायचं आणि जो समोर उभा असतो त्याच्या हातात ट्रे द्यायचा. बाबांवर माझा राग आहे, टिल्लू. ते नाहीत म्हणून तो कमी झालेला नाही. तुझ्यावरचा तर विचारूच नकोस.

पुढे तुला दुसरी नोकरी लागली आणि लगेच ते काळं खोकं आलं. चूक झाली की वस्तू पाठवायची, ही तुझी जुनी खोड. ते मी कपाटात कोंबलं नाही. त्याच दिवशी उघडलं, टेबलावर मांडलं, गेम घातला, सगळी सेटिंग वरपर्यंत नेली. बाबांना बोलावलं. खरंच सुरेख दिसत होतं. गवत वाऱ्याने हलत होतं, टाकीची सावली त्याच्यावर पडली होती. बाबा बघत राहिले. म्हणाले, "वा. फारच छान." रविवारी अकराला तू गेममध्ये आलास. बाबा टाकीपाशी गेले. डावीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"टिल्लू कुठाय?"

"असेल तिथेच, गवतात."

दहा मिनिटं ते त्या गवताकडे बघत बसले. मग तू त्यांना मारलंस. त्यांनी हेडफोन काढला आणि म्हणाले, "जुनंच लाव."

मी म्हटलं, बाबा, याच्यावरही गवत बंद करता येतं, एक मिनिटाचं काम आहे. तर मान हलवली. "याला झेपतंय आणि आपण काढायचं, ही लबाडी झाली. त्या बिचाऱ्याला झेपतच नाही, त्यात आपला काय दोष?" एवढं बोलून मोजणीदार साहेब जुन्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांच्या नोकरीत त्यांनी एक वीत जमीन इकडची तिकडे केली नाही, हे तू मोठ्या अभिमानाने सांगतोस. हा त्याचाच नमुना.

खोकं मी त्यांच्या सांगण्यावरून परत बांधलं. "त्याला सांगू नकोस, हौसेने पाठवलंय," असंही त्यांचंच सांगणं. म्हणून मी त्या दिवशी ट्रे घेऊन गप्प उभी राहिले. मावशीला वाटलं, मला बोलायला तोंडच नाही.


बुधवार

आता राहिलेलं.

तुझ्या भिंतीवर तू शेवटच्या गेमचं चित्र छापून लावलंयस, असं मावशी सांगत होती. 'मोजणीदारने वाघोबाला मारले.' इथेही चार दिवसांत ती गोष्ट तू येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलीस. "चार वर्षांत एकदाही जमलं नाही आणि शेवटच्या रविवारी बाबांनी मला गवतात हेरलं, एका गोळीत." काकांचे डोळे पाण्याने भरले. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

तुला हे माहीत नाही की गेले सहा महिने माऊस माझ्या हातात होता. बाबांचा उजवा हात फार कापायला लागला होता. डाव्या हाताने ते चालायचे, म्हणजे बटणं दाबायचे, आणि बघायचं कुठे ते मला सांगायचे. "टाकी. जरा डावीकडे. हां, थांब." मी थांबायचे. नेम मात्र तुझ्यावर धरू द्यायचे नाहीत. "त्याच्यावर रोखू नको, बाजूला ठेव." मग मी तो तुझ्या बाजूच्या दगडावर ठेवायचे आणि आम्ही दोघं तुझ्याकडे बघत बसायचो. तू पडलेला असायचास. कधी पाय हलवायचास. बाबा बारीक आवाजात सांगायचे, आज जरा पुढे सरकलाय. चहा निवून जायचा. माझा आठवड्यातला एक रविवार असा जायचा, मातीवर पालथ्या पडलेल्या तुझ्याकडे बघण्यात.

मी शेजारी असते हे तुला ठाऊक नव्हतं. त्या शेवटच्या रविवारी तू म्हणालास, "बाबा, ताई नीट बघते ना तुमच्याकडे?"

बाबा म्हणाले, "बघते की."

"तिचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. काम करते पण दहा वेळा ऐकवते. तुम्ही सहन करता सगळं. मी तिथे असतो तर असं झालं नसतं."

मी बाबांकडे बघितलं. वाटलं, आता बोलतील. एक वाक्य पुरे झालं असतं. अरे, ती इथेच बसली आहे, एवढंही चाललं असतं. बाबा पडद्यावर तुझ्याकडे बघत होते. म्हणाले, "हं. चालायचंच."

माझा हात दगडावरून तुझ्यावर आला. कापला नाही, काही नाही. एकवीस वर्षं बारीक कामाची सवय आहे त्याला. बटण मी दाबलं.

तू ओरडलास. किती आनंदाने ओरडलास ते तुला आठवत असेल. "बाबा! अहो, सापडलो की मी! कसा दिसलो तुम्हाला?"

पडद्यावर उघडी जमीन होती आणि तिच्यावर तू होतास, तसाच पालथा, फक्त आता नाव गेलेलं. मग त्यांनी माइक ओढला आणि म्हणाले, "दिसलास बाबा एकदाचा." तुला त्यांनी चार वर्षं पाठीशी घातलं, मला त्या एका वाक्यापुरतं. त्या वाक्याने मला आजवर झोप लागू दिलेली नाही.

तू गेममधून गेल्यावर मला म्हणाले, "का मारलंस?"

मी म्हटलं, "तुम्ही ऐकलंत ना तो काय बोलला ते."

"ऐकलं की." चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तो तिथे पडलेला असायचा. मला तेवढाच बघायला मिळायचा गं."

टिल्लू, माझं उत्तर तयार होतं. मी तर रोज बघायला मिळते ना, असं. ते मी दिलं नाही, याचं मला समाधान वाटावं की पश्चात्ताप, हे अजून ठरत नाही. सोमवारी आणि मंगळवारी ते माझ्याशी कामापुरतं बोलले. पाणी दे. खिडकी लाव. बुधवारी सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा ते गेलेले होते. पुढचं तुला माहीत आहे.

मी हे का सांगते आहे ते स्वतःला विचारून पाहिलं. तुला खरं कळावं म्हणून, असं छान उत्तर सुचलं होतं. ते खोटं आहे. तू ते चित्र भिंतीवर लावलंस हे मला सहन झालं नाही. तू मला चार माणसांत डबडं म्हटल्यासारखं बोललास आणि वर बाबांकडून मिळालेलं एक बक्षीस घेऊन गेलास, तेही माझ्या हातचं. ते मला परत घ्यायचं होतं. आता घेतलं, आणि मला बरं मुळीच वाटत नाहीये.

लॅपटॉपचं नीट ऐक. आधी चार्जर लाव, नुसत्या बॅटरीवर गेम अडखळतो. झाकणं पिशवीत घातली आहेत, ती मागच्या बाजूला ठेव. बाबांचा शेवटचा गेम त्यात साठवलेला आहे, पण तो तिथेच पुन्हा चालवून पाहिलास तरच आम्हाला दिसला तसा दिसेल. तुझ्या मोठ्या मशीनवर नेलास की गवत परत उगवेल. गवताची ती फाइल लॉक आहे, उघडू नकोस.

आणि एकदा बाबांच्या नावाने आत जा. रविवारी अकराला जा. पाण्याच्या टाकीपाशी उभा राहा आणि डावीकडे बघ. जमीन उघडी आहे. उतार कळेल तुला. तिथे आता कोणी नसेल, तरी दहा मिनिटं बघत राहा. बाबा बघायचे तेवढी.

मला 'आपण' लिहायचं असेल तर खुशाल लिही. रागाने 'ए ताई' म्हणून ओरडायचं असेल तर फोन नंबर तोच आहे.

गोळी माझीच होती.

तुझी ताई